पॅपिलरी थायरॉइड कॅन्सरच्या रिपोर्टात ‘लिम्फोसाइट भरपूर’: हे चांगलं लक्षण धरायचं का?

म्हसरूळ_पीजी

नमस्कार मंडळी. एमडी पॅथॉलॉजी, पहिलं वर्ष, नाशिक. आरोग्य विद्यापीठाकडे प्रबंधाचा सिनॉप्सिस (आराखडा) पाठवायचा आहे. विषय ढोबळमानाने ठरला आहे: पॅपिलरी थायरॉइड कार्सिनोमाच्या (थायरॉइडच्या सगळ्यात नेहमीच्या कॅन्सरच्या) गाठीतल्या रोगप्रतिकार पेशी आणि कॅन्सरची आक्रमकता. जुने ब्लॉक (मेणात जपलेले ऊतीचे तुकडे) आणि पुढच्या दीड वर्षात येणाऱ्या नवीन केसेस धरून साधारण ६० होतील.

अडचणी अशा:

१. काही ठिकाणी वाचलं की लिम्फोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) असले की रुग्ण चांगला राहतो, काही ठिकाणी अगदी उलट. खरं काय?

२. इम्युनो स्टेनसाठी (अँटिबॉडी लावून ठरावीक पेशी रंगवण्यासाठी) चारच अँटिबॉडी परवडतील. कोणत्या घ्यायच्या आणि मोजायचं कसं?

३. निम्म्या केसेसमध्ये बाजूला हाशिमोटो (शरीराने स्वतःच्याच थायरॉइडवर केलेला हल्ला) आहे. त्या वगळायच्या का?

४. ‘आक्रमकता’ म्हणून नेमकं काय धरायचं?

---

काचपट्टी

‘लिम्फोसाइट भरपूर’ हे वाक्य रिपोर्टात असून नसल्यासारखं. सिंहस्थात रामकुंडावर गर्दी किती होती एवढंच कोणी सांगितलं तर काय कळतं? त्यात भाविक किती, पोलीस किती, पाकीटमार किती आणि कोण कुठे उभं होतं, हे कळलं तर उपयोग.

याचा सगळ्यात चांगला पुरावा पॅपिलरीच्याच दोन उपप्रकारांत आहे. वॉर्थिन-लाइक प्रकारात पॅपिलांच्या देठात लिम्फोसाइट आणि प्लाझ्मा पेशी खच्चून भरलेल्या असतात, बाजूला जवळजवळ नेहमीच हाशिमोटो असतो, आणि रुग्ण सहसा छान राहतो. डिफ्यूज स्क्लेरोझिंग प्रकारातही लिम्फोसाइटचा तसाच खच. पण तो तरुण वयात येतो, बऱ्याचदा दोन्ही लोब व्यापतो, सामोमा बॉडीज (कॅल्शियमचे गोल कण) जागोजागी पडलेल्या असतात, आरईटी जनुकाचे फ्यूजन (दुसऱ्या जनुकाशी झालेले जोड) वारंवार सापडतात, मानेतल्या लिम्फ नोडमध्ये तर तो बहुधा आधीच पोचलेला असतो. लिम्फोसाइट दोन्हीकडे भरपूर, वागणूक मात्र दोन टोकांची. तेव्हा नुसत्या संख्येवर प्रबंध उभा करू नका.

आता कोण काय करतं ते बघू. सीडी८ टी पेशी मारेकरी. परफोरिन आणि ग्रॅन्झाइम सोडून कॅन्सरच्या पेशीला भोक पाडतात. पण त्यासाठी त्या पेशीच्या अंगावर एचएलए क्लास-१ (पेशीची ओळख दाखवणारं प्रथिन) हवं, आणि पॅपिलरीच्या बऱ्याच गाठींत ते कमी झालेलं असतं. म्हणजे पोलीस हजर, पण चेहरा ओळखता येत नाही. त्यातून त्या पेशींवर पीडी-१ (टी पेशीचा ब्रेक) चढलेलं असलं की त्या थकलेल्या असतात. मोजणीत येतात, कामात येत नाहीत.

रेग्युलेटरी टी पेशी, म्हणजे फॉक्सपी३ वाल्या, आयएल-१० आणि टीजीएफ-बीटा सोडून मारेकऱ्यांना आवरतात. पॅपिलरीमध्ये त्यांचं प्रमाण वाढलं की मानेतल्या लिम्फ नोडमध्ये प्रसार जास्त, असा संबंध दाखवलेला आहे. म्हणून सीडी८ चा सुटा आकडा नको, सीडी८ भागिले फॉक्सपी३ हे गुणोत्तर बघा.

मॅक्रोफेजचं प्रकरण सगळ्यात गंभीर. गाठ सीएसएफ-१ आणि सीसीएल-२ सोडून त्यांना बोलावते, आणि आल्यावर ते तिचीच चाकरी करतात: नवीन रक्तवाहिन्या, जागा पोखरणारी एन्झाइम्स, मारेकऱ्यांना अटकाव. २००८ च्या एका अमेरिकी अभ्यासात मॅक्रोफेजची दाटी वेल-डिफरन्शिएटेड (मूळ थायरॉइडसारख्या दिसणाऱ्या) गाठींपैकी २७ टक्क्यांत, पुअरली डिफरन्शिएटेडपैकी ५४ टक्क्यांत आणि ॲनाप्लास्टिक या सगळ्यात आक्रमक प्रकारापैकी ९५ टक्क्यांत आढळली. ॲनाप्लास्टिकमध्ये तर गाठीतल्या निम्म्याहून अधिक पेशी मॅक्रोफेजच असू शकतात, फांद्याफांद्यांच्या जाळ्यासारख्या कॅन्सरपेशींच्या मधून पसरलेल्या. हिमॅटॉक्सिलिन-इओसिनवर (नेहमीच्या स्टेनवर) त्या दिसतही नाहीत, सीडी६८ ही मॅक्रोफेजची अँटिबॉडी लावल्यावर डोळे उघडतात.

मास्ट सेलकडे सहसा कोणी बघत नाही. पॅपिलरीत त्या वाढतात आणि सीएक्ससीएल-८ सारख्या रसायनांनी कॅन्सरपेशीला हातपाय पसरायला मदत करतात. त्यांच्यासाठी महागडी अँटिबॉडी लागत नाही, आम्ल द्रावणातला टोल्युइडीन ब्लू पुरतो. दाणे जांभळट-लाल दिसतात. चार अँटिबॉडींच्या बजेटमध्ये ही पाचवी पेशी जवळजवळ फुकट.

या सगळ्या पेशींना बोलावतं कोण? बीराफ जनुकातला व्ही६००ई हा बदल किंवा आरईटीचा फ्यूजन एमएपी-कायनेज मार्ग (पेशीला वाढीचा निरोप देणारी साखळी) सतत चालू ठेवतो आणि त्यातूनच केमोकाइन्स (पेशींना बोलावणारी रसायनं) तयार होतात. हा दाह बाहेरून आलेला नसतो, गाठीच्या जनुकातूनच पेटलेला असतो. म्हणून बीराफ न बघता केलेल्या मोजणीतला अर्धा अर्थ हातातून जातो.

---

गोदाकाठ_सर्जन

काचपट्टी, बाकी मान्य. पण हाशिमोटो असेल तर कॅन्सर सौम्य असतो, गाठ लहान असते, हे तर आता जवळजवळ सर्वमान्य आहे ना? शरीर थायरोग्लोब्युलिन आणि टीपीओ या थायरॉइडच्या प्रथिनांवर हल्ला करतंय, तीच प्रथिनं कॅन्सरपेशीतही असतात, म्हणजे हल्ला दोघांवर. तर्क सरळ आहे.

---

आकडेमोड

तर्क सरळ, पुरावा वाकडा.

हाकारू हाशिमोटोंनी हा आजार १९१२ साली वर्णिला, आणि त्याचा पॅपिलरी कॅन्सरशी संबंध असल्याचं १९५५ पासून म्हटलं जातंय. तेव्हापासूनचा घोळ एकच आहे: ऑपरेशन झालेल्या रुग्णांत मोजलं तर संबंध घट्ट दिसतो, आणि सुईने तपासलेल्या रुग्णांत मोजलं तर पातळ होतो. ऑपरेशनपर्यंत जाणारा हाशिमोटोचा रुग्ण हा आधीच निवडलेला रुग्ण असतो. त्याच्यात काहीतरी संशयास्पद होतं म्हणूनच तो टेबलावर आला.

‘गाठ लहान’ याचंही तसंच. हाशिमोटोच्या बाईची टीएसएच तपासणी सतत चालू असते, त्यात कोणीतरी सोनोग्राफी सांगतं, ७ मिमीची गाठ सापडते. हाशिमोटो नसलेला माणूस गळ्यात गाठ हाताला लागल्यावर येतो. पहिलीची गाठ लहान निघाली ती लिम्फोसाइटमुळे की सोनोग्राफीच्या मशीनमुळे? वर हाशिमोटो असलेले पॅपिलरीचे रुग्ण जास्त करून बायका आणि तुलनेने कमी वयाचे, आणि या दोन्ही गोष्टींचा आजाराच्या वागण्याशी स्वतंत्र संबंध आहे. लिम्फ नोडमध्ये पसरणं आणि आजार उलटणं कमी, हे अनेक मागे वळून केलेल्या अभ्यासांत दिसतं, ते मी नाकारत नाही. पण रुग्णाला ‘हाशिमोटो आहे, म्हणजे चांगलंच’ असं सांगण्याइतकं ते पक्कं नाही.

म्हसरूळ_पीजी, तुमचा चौथा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे आणि तोच बहुतेक सिनॉप्सिसमध्ये गंडतो. ‘रिकरन्स’ किंवा ‘सर्व्हायव्हल’ अजिबात लिहू नका. पॅपिलरीचा रुग्ण सहसा मरत नाही आणि आजार उलटायला वर्षं लागतात. दीड वर्षाच्या फॉलोअपमध्ये ६० पैकी दोन-तीन घटना मिळतील आणि त्यावर कुठलीच चाचणी चालणार नाही. ऑपरेशनच्या दिवशीच ज्याचं उत्तर मिळतं ते धरा: नोडमध्ये प्रसार, थायरॉइडबाहेर स्नायूत शिरकाव, रक्तवाहिनीत शिरकाव, टॉल सेल किंवा हॉबनेलसारखा आक्रमक उपप्रकार.

यातही दोन खड्डे आहेत.

पहिला खड्डा: नोड काढलेच नाहीत तर तो ‘नोड निगेटिव्ह’ नव्हे. पीएनएक्स (नोड तपासलेच नाहीत) आणि पीएन० (तपासले, कॅन्सर नाही) वेगळे ठेवा. निव्वळ हेमिथायरॉइडेक्टमी (अर्धा थायरॉइड काढणं) आणि एकही नोड नाही, अशी केस नोडच्या विश्लेषणातून बाहेर. आणि हाशिमोटोत मध्यभागातले, म्हणजे लेव्हल ६ चे नोड सुजलेले असतात, त्यामुळे सर्जनच्या हाती जास्त लागतात. १२ पैकी २ पॉझिटिव्ह आणि ३ पैकी २ पॉझिटिव्ह यांची तुलना करताना छेद (एकूण किती नोड तपासले) लिहिलाच पाहिजे.

दुसरा खड्डा: एजेसीसीच्या, म्हणजे कॅन्सर स्टेजिंगच्या अमेरिकी नियमावलीच्या, आठव्या आवृत्तीत, जी २०१८ पासून लागू आहे, नुसत्या सूक्ष्मदर्शकात दिसणाऱ्या बाह्य शिरकावाने टी स्टेज वाढत नाही. जुन्या रिपोर्टांत तोच टी३ म्हणून नोंदलेला असतो. जुन्या केसेसचं स्टेजिंग रिपोर्टातून उतरवू नका, स्लाइड बघून नव्याने करा.

संख्येबद्दल. ६० पैकी समजा ३० नोड पॉझिटिव्ह निघाल्या, तर लॉजिस्टिक रिग्रेशनमध्ये तीनच घटक घाला. दर घटकामागे किमान १० घटना हव्यात हा ढोबळ नियम. वय, गाठीचा आकार आणि तुमचं सीडी८-फॉक्सपी३ गुणोत्तर. संपलं. आठ घटक घातले तर संगणक उत्तर देईल, पण ते उत्तर नसेल.

हाशिमोटो वगळू नका. वगळलात तर हाताशी ३० केसेस उरतील. दोन गट पाडा. पण गट पाडायचा निकष आधी लिहून ठेवा. गाठीपासून दूरच्या, जमल्यास दुसऱ्या लोबच्या ब्लॉकमध्ये पसरलेली लिम्फोसाइट-प्लाझ्मा पेशींची दाटी, जर्मिनल सेंटर (लिम्फोसाइट वाढण्याची केंद्रं) आणि ऑन्कोसायटिक बदल असेल तरच हाशिमोटो. गाठीच्या अंगाला चिकटून जी रांग असते ती हाशिमोटो नव्हे, ती गाठीची स्वतःची गर्दी.

---

म्हसरूळ_पीजी

धन्यवाद, चौथा प्रश्न सुटला, आणि रिकरन्स खोडलं. आता मोजणीबद्दल कोणी सांगेल का? आणि सीडी६८ घ्यायचं की सीडी१६३?

---

फॉर्मॅलिन_१०

मोजणी शेवटी. आधी नमुना. इथे नमुना सटाणा, कळवण, येवला असा कुठूनही येतो आणि बरणीत थायरॉइड जेमतेम बुडेल एवढंच फॉर्मॅलिन असतं. एप्रिल-मे मध्ये अशी बरणी दिवसभर गाडीत राहिली की बाहेरचे दोन-तीन मिलिमीटर फिक्स आणि आतली गाठ उकडलेली. मग सीडी८ कडेला झकास उमटतं आणि मध्ये फिकं, आणि प्रबंधात लिहिलं जातं की मारेकरी पेशी कडेलाच थांबल्या! ती जीवशास्त्राची गोष्ट नाही, फॉर्मॅलिनची आहे.

नवीन केसेससाठी पाठवणाऱ्या सर्जनना एक कागद द्या. न्यूट्रल बफर्ड फॉर्मॅलिन, नमुन्याच्या दहापट. कृती: ३७ ते ४० टक्क्यांचं बाजारातलं फॉर्मॅलिन १०० मिली, पाणी ९०० मिली, सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट मोनोहायड्रेट ४ ग्रॅम, निर्जल डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट ६.५ ग्रॅम. बफर न घालता नुसतं पाणी घातलं तर काही दिवसांनी द्रावण आम्ल होतं, फॉर्मॅलिन पिगमेंटचे तपकिरी कण पडतात आणि ते डॅबच्या (इम्युनोच्या रंगाच्या) तपकिरीत मिसळतात. नमुना आल्या आल्या शाई लावून ५ मिमीच्या कापांत पाव कापतो तसा उघडा, कापांमध्ये टिश्यू पेपर. फिक्सेशन किमान ६ तास, ७२ तासांच्या वर नको. वेळ रजिस्टरला लिहा. कॅल्सिफाइड गाठ असेल तर तीव्र आम्लात टाकू नका, ईडीटीए वापरा. आम्लाने इम्युनोही जातं आणि बीराफसाठीचं डीएनएही.

आता थायरॉइडचे खास सापळे. इतर अवयवांवर शिकलेला माणूस इथेच फसतो.

ऑन्कोसायटिक पेशी मायटोकॉन्ड्रियाने भरलेल्या, आणि त्यात अंगचं बायोटिन भरपूर. तुमची डिटेक्शन किट अ‍ॅव्हिडिन-बायोटिनची असेल तर हाशिमोटोतल्या सगळ्या ऑन्कोसाइट खोट्या तपकिरी होतील. पॉलिमर किट घ्या. फरक किमतीत आहे, पण याच्यावर तडजोड नाही.

दुसरा सापळा सुईचा. ऑपरेशनआधी जवळजवळ सगळ्यांची एफएनएसी (सुईने पेशी काढून तपासणी) झालेली असते. सुईच्या वाटेवर रक्तस्राव, मग तिथे लोह गिळलेले मॅक्रोफेज, फायब्रोसिस, कधी नेक्रोसिसही. सीडी६८ लावलं की तो पट्टा दिवाळीसारखा उजळतो आणि त्याचा कॅन्सरशी काही संबंध नसतो. शिवाय हिमोसिडरिन (साठलेलं लोह) स्वतःच तपकिरी. म्हणून प्रत्येक केसला प्रायमरी अँटिबॉडी न घातलेली एक निगेटिव्ह स्लाइड ठेवा, आणि शंका आली की शेजारच्या सेक्शनवर पर्ल्स करा: निळं झालं तर लोह. जमत असेल तर लाल क्रोमोजेन वापरा, वादच मिटतो. सिस्टिक पॅपिलरीत पोकळीतले फेसाळ मॅक्रोफेजही मोजायचे नाहीत. स्ट्रोमातले आणि कॅन्सरपेशींच्या मधले तेवढेच.

सीडी६८ की सीडी१६३? एकच परवडत असेल तर सीडी१६३. सीडी६८ सगळ्याच मॅक्रोफेजना लागतं, आणि लायसोसोमचं मार्कर असल्याने इतरही दाणेदार पेशी उचलतं. सीडी१६३ गाठीच्या बाजूने झुकलेल्या मॅक्रोफेजकडे अधिक बोट दाखवतं. झुकलेल्या म्हणतोय, एम१-एम२ असे दोन स्वच्छ कप्पे प्रत्यक्षात नसतात, प्रबंधात ‘एम२’ असं छातीठोक लिहू नका.

तेव्हा माझी चौकडी: सीडी८, फॉक्सपी३, सीडी१६३ आणि बीराफ व्ही६००ई ची व्हीई१ अँटिबॉडी. मास्ट सेल टोल्युइडीन ब्लूवर. पीडी-एल१ चा (पीडी-१ चा ब्रेक दाबणाऱ्या प्रथिनाचा) मोह टाळा. वेगवेगळे क्लोन, वेगवेगळे स्कोअर, आणि हाशिमोटोत लिम्फोसाइटबरोबर साध्या फॉलिक्युलर पेशीही रंगू शकतात. ६० केसेसच्या प्रबंधात त्यातून गोंधळच निघेल.

कंट्रोल म्हणून टॉन्सिल. सीडी८ टी-झोनमध्ये, फॉक्सपी३ फॉलिकलच्या मधल्या भागात तुरळक केंद्रकांत, सीडी१६३ फॉलिकलबाहेरच्या मॅक्रोफेजमध्ये. टॉन्सिलच्या जर्मिनल सेंटरमधले कचरा खाणारे मॅक्रोफेज सीडी१६३ ला बहुतांशी निगेटिव्ह असतात. ते गडद आले तर टायटर (अँटिबॉडीचं प्रमाण) जास्त झालंय. फॉक्सपी३ फक्त केंद्रकात धरा आणि फक्त लिम्फोसाइटच्या आकाराच्या पेशीत. थायरॉइडच्या कॅन्सरपेशीही कधीकधी फॉक्सपी३ दाखवतात, त्या मोजल्यात तर गुणोत्तर कोसळेल.

मोजणीची रीत:

आधी ४० च्या ऑब्जेक्टिव्हखाली स्टेज मायक्रोमीटरने तुमच्या फील्डचा व्यास मोजा. २२ फील्ड नंबरच्या आयपीसला तो ०.५५ मिमी येतो, म्हणजे क्षेत्र साधारण ०.२४ चौमिमी. आकडा ‘प्रति फील्ड’ लिहू नका, प्रति चौमिमी लिहा. दुसऱ्याच्या मायक्रोस्कोपचं फील्ड वेगळं असतं आणि तुलना तिथेच मरते.

गाठीची कड मध्यरेषा धरून १ मिमी रुंदीचा पट्टा, म्हणजे अर्धा आत अर्धा बाहेर, हा आक्रमणाचा काठ. या पट्ट्यात ५ फील्ड आणि गाठीच्या आत ५ फील्ड. हे दोन आकडे वेगळे ठेवा, सरासरी काढून एक करू नका. काठावर अडलेले सीडी८ आणि आत शिरलेले सीडी८ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. जर्मिनल सेंटर असलेली फॉलिकल्स टाळा. सगळ्यात दाट जागा शोधून मोजायची की ठरावीक अंतराने, हे आधी ठरवा आणि ६० च्या ६० केसेसना तेच. मी ठरावीक अंतराच्या बाजूने, कारण ‘हॉट स्पॉट’ हा बघणाऱ्याच्या मनात असतो.

दोघांनी स्वतंत्र मोजा, क्लिनिकल माहिती झाकून. २० टक्के स्लाइड महिन्याने परत. दोघांची मोजणी किती जुळते ते बघायला आकड्यांसाठी आयसीसी, श्रेणी असतील तर कापा. स्कॅनर असेल तर क्यूपाथ हे मोजणीचं सॉफ्टवेअर फुकट आहे, पण त्याला हिमोसिडरिन आणि डॅब यांतला फरक शिकवावा लागतो.

---

कंठमणी_एंडो

पॅथॉलॉजीवाल्यांनी टेबल गाजवलं, पण रुग्णाच्या पुढच्या पाच वर्षांवर या पेशींचा सगळ्यात रोजचा परिणाम स्लाइडवर नसतो, रक्ताच्या रिपोर्टात असतो. बी पेशी आणि प्लाझ्मा पेशी अँटी-थायरोग्लोब्युलिन अँटिबॉडी बनवतात, आणि त्या आपला एकमेव ट्यूमर मार्कर बिघडवतात.

संपूर्ण थायरॉइड काढल्यावर थायरोग्लोब्युलिन म्हणजे टीजी शून्याजवळ यायला हवं. नेहमीची सँडविच पद्धत असेल तर अँटिबॉडी टीजीला आधीच झाकून टाकते आणि आकडा खोटा कमी येतो. टीजी ०.२ च्या खाली आणि अँटिबॉडी पॉझिटिव्ह, अशा रिपोर्टाला ‘एक्सलंट रिस्पॉन्स’ म्हणायचं नाही. अँटिबॉडी स्थिर किंवा उतरती असेल तर अनिश्चित, चढती असेल तर बायोकेमिकल इनकम्प्लीट (फक्त रक्तात आजाराची खूण). साधारण चार-पाच रुग्णांत एकाला ही अडचण असते, म्हणजे दुर्मीळ नाही.

मग करायचं काय? प्रत्येक टीजीबरोबर त्याच नमुन्यात अँटिबॉडी. ती नेहमी एकाच लॅबमध्ये, एकाच मशीनवर. नाशिकमध्ये एकदा, मुंबईत आयोडीन घ्यायला गेल्यावर तिथे एकदा, आणि त्या दोन आकड्यांची तुलना, हे सर्रास चालतं आणि पूर्ण चुकीचं आहे. दोन पद्धतींत एकाच रक्ताचे आकडे कित्येक पटींनी वेगळे येतात. लॅब बदलणं भागच असेल तर एकदा दोन्हीकडे एकाच दिवशी करून नवी पायारेषा धरा. ‘नॉर्मलच्या आत’ असलेली अँटिबॉडीही गडबड करू शकते, म्हणून पॉझिटिव्ह-निगेटिव्ह बघू नका, आकड्याची दिशा बघा.

दिशा अशी वाचायची. ऑपरेशननंतर किंवा रेडिओआयोडीननंतर पहिले काही महिने अँटिबॉडी चढू शकते. पेशी फुटून प्रतिजन रक्तात आलेलं असतं, घाबरू नये. वर्षभरात निम्म्याहून खाली आली तर चांगलं चिन्ह. पूर्ण जायला तीनेक वर्षं सहज लागतात. उतरून परत चढायला लागली तर मानेची सोनोग्राफी करा, टीजीचा आकडा काहीही असो. रोगप्रतिकार यंत्रणेला कुठेतरी थायरॉइडची पेशी दिसतेय, असा त्याचा अर्थ.

केसांसाठीच्या गोळ्यांचं जरूर विचारा. ५ ते १० मिलिग्रॅम बायोटिन असलेल्या गोळ्या मेडिकलवर चिठ्ठीशिवाय मिळतात. स्ट्रेप्टाविडिन-बायोटिनवर चालणाऱ्या मशीनवर टीजी खोटं कमी आणि अँटिबॉडी खोटी जास्त येते. रक्त देण्याआधी दोन-तीन दिवस बंद.

गोदाकाठ_सर्जन, हाशिमोटोतले लेव्हल ६ चे सुजरे नोड तुम्हाला सतावत असतीलच. आकार हा निकष नव्हे. सूक्ष्म कॅल्सिफिकेशन, सिस्टिक भाग, थायरॉइडसारखा उजळ पोत, कडेने रक्तप्रवाह, यांतलं काही असेल आणि आखूड व्यास ८ ते १० मिमीच्या पुढे असेल तर सुई. त्याच सुईचं १ मिली सलाइनमध्ये वॉशआउट, सगळ्या पासेसना तीच एक मिली. प्रत्येक पासला नवी मिली घेतली की द्रावण पातळ होतं. त्यातलं टीजी १ नॅनोग्रॅमच्या खाली निर्धास्त, १० च्या वर संशय पक्का, मधलं सायटोलॉजीशी ताडून. थायरॉइड जागेवर असताना लेव्हल ६ मध्ये सुई थायरॉइडमधून गेली तर आकडा खोटा वाढतो, वाट बदला.

आणि हाशिमोटोचा जुना रुग्ण, गळा काही आठवड्यांत भराभर फुगतोय, आवाज बसलाय, अशा वेळी ॲनाप्लास्टिकबरोबर लिम्फोमाही मनात असू द्या. तिथे एफएनएसीवर थांबू नका, कोअर बायॉप्सी घ्या. दोन्हींचे उपचार अगदी वेगळे.

---

गोदाकाठ_सर्जन

मान्य, ‘सर्वमान्य’ हा शब्द मागे घेतो. एक प्रश्न: एवढ्या टी पेशी आहेत तर थायरॉइडमध्ये इम्युनोथेरपी (टी पेशींचे ब्रेक सोडणारी औषधं) का चालत नाही? रुग्णांचे नातेवाईक हल्ली पहिल्याच भेटीत विचारतात.

---

कंठमणी_एंडो

पॅपिलरीत म्युटेशन फार कमी. २०१४ च्या टीसीजीए या कॅन्सर-जनुक प्रकल्पात ४९६ गाठी तपासल्या, सरासरी दर मेगाबेसला (दहा लाख डीएनए अक्षरांना) अर्ध्याहूनही कमी. टी पेशीला ‘परकं’ म्हणून ओळखायला काही मिळतच नाही. पेम्ब्रोलिझुमॅब या इम्युनोथेरपीच्या चाचणीत पीडी-एल१ पॉझिटिव्ह असे २२ डिफरन्शिएटेड थायरॉइड कॅन्सरचे रुग्ण होते, गाठ आकसली दोघांची. आयोडीन न घेणाऱ्या वाढत्या आजारात लेन्व्हाटिनिब या औषधाने आजार थोपवण्याचा काळ ३.६ महिन्यांवरून १८.३ वर नेला, त्यामुळे पहिला हात तिकडेच जातो.

ॲनाप्लास्टिकमध्ये चित्र थोडं वेगळं. स्पार्टालिझुमॅब या तशाच औषधाच्या ४२ रुग्णांत १९ टक्क्यांना प्रतिसाद, पीडी-एल१ ५० टक्क्यांच्या वर असलेल्यांत ३५, आणि पीडी-एल१ नसलेल्यांत एकालाही नाही. म्हणजे प्रबंधात पीडी-एल१ टाळा हे ठीक, पण ॲनाप्लास्टिकच्या रुग्णात ते मागवा. त्याआधी मात्र बीराफ. व्ही६००ई असेल तर डॅब्राफेनिब-ट्रॅमेटिनिब ही औषधांची जोडी. पीसीआरची वाट बघत बसायला या रुग्णाकडे आठवडे नसतात. व्हीई१ इम्युनोचा निकाल एक-दोन दिवसांत येतो, त्यावर हालचाल सुरू करा आणि पीसीआर मागून येऊ द्या.

नातेवाइकांना एवढं जरूर सांगा की इम्युनोथेरपीच्या औषधांनी सुटलेल्या टी पेशी निरोगी थायरॉइडवरही तुटून पडतात. दुसऱ्या अवयवाच्या कॅन्सरसाठी ही औषधं घेणाऱ्यांत थायरॉइडायटिस नेहमीचा. दर एक-दोन सायकलला टीएसएच आणि फ्री टी४.

---

म्हसरूळ_पीजी

सगळं उतरवून घेतलं. शेवटचं: जुन्या ब्लॉकचे सेक्शन आत्ताच कापून ठेवू का? मायक्रोटोम मोकळा आहे.

---

फॉर्मॅलिन_१०

नको. ब्लॉक टिकतो, कापलेला सेक्शन हवेत मरतो, पावसाळ्यात तर आणखी लवकर. ज्या आठवड्यात स्टेन करणार त्याच आठवड्यात कापा. ४ मायक्रॉन, चार्ज केलेल्या स्लाइडवर, एका केसचे सलग आठ: एक एचई (हिमॅटॉक्सिलिन-इओसिन), चार अँटिबॉडी, एक निगेटिव्ह, एक टोल्युइडीन, एक पर्ल्ससाठी राखीव. पहिली एचई जुन्या स्लाइडशी ताडून बघा. पुनःपुन्हा कापलेल्या ब्लॉकमध्ये गाठ संपलेली असते, आणि ते चार अँटिबॉडी खर्च झाल्यावर कळतं.